श्वास मोजायचा कोणी?

दसरा-दिवाळीच्या सुमारास जालना जिल्ह्यातील मंठा, परतूर, घनसावंगी, अंबड या तालुक्यांतून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या बाहेर पडतात. नवराबायको मिळून एक ‘कोयता’. त्या कोयत्याबरोबर अंगावरचे मूलही फडावर जाते. तान्ह्या मुलांची साधी सर्दी छातीत उतरण्याचा हंगामही हाच. अशी मुले दगावली की ठरलेले उत्तर मिळते : “लोक अडाणी, उशिरा आणतात.” हे उत्तर सोयीचे आहे, खरे नाही.

ब्राँकिओलायटिस हा दोन वर्षांखालील मुलांचा विकार. विषाणूंमुळे फुप्फुसातील सूक्ष्म श्वासनलिका सुजतात, चिकट स्रावाने भरतात. आधी नाक वाहते. तिसऱ्या ते पाचव्या दिवशी जोर सर्वाधिक असतो. तो ओळखण्यास पदवी लागत नाही. मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. दोन महिन्यांखालील बाळात ६० वा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० वा अधिक, त्यापुढे पाच वर्षांपर्यंत ४० वा अधिक भरले, तर मुलाला त्याच दिवशी दवाखान्यात दाखवावे. बरगड्यांखालचा भाग आत ओढला जाणे, दूध सोडणे, मूल मलूल होणे, ओठ निळसर पडणे, श्वास मध्येच थांबणे यांपैकी काहीही दिसले, तर घटकाभरही न दवडता रुग्णालय गाठावे.

सौम्य आजारात थोडे थोडे पण वारंवार अंगावर पाजणे, मिठाच्या पाण्याच्या तयार थेंबांनी नाक मोकळे करणे आणि चुलीच्या व विडीच्या धुरापासून मूल दूर ठेवणे पुरते. विषाणूवर प्रतिजैविक चालत नाही. गंभीर मुलाला हवा असतो प्राणवायू. परंतु बाजार विकतो ती सुई आणि खोकल्याची बाटली. २०२५ मध्ये मध्यप्रदेशातील छिंदवाड्यात विषारी खोकल्याच्या औषधाने वीसहून अधिक बालके गेली. तेथेही अडाणी आईबापच होते काय?

अडाणीपणाचा हा सिद्धांत महाराष्ट्रातच खोटा ठरला आहे. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातील आरोग्यसेवकांना आणि सुइणींना श्वास मोजून न्यूमोनिया ओळखण्यास व औषध देण्यास शिकविले. न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू निम्म्याहून अधिक घटले. १९९० मध्ये ‘लॅन्सेट’ने ते निष्कर्ष छापले. न्यूमोनिया आणि ब्राँकिओलायटिस हे वेगळे आजार असले, तरी धापेची खूण एकच. जे निरक्षर सुईण शिकू शकते, ते ऊस तोडणारी आई शिकू शकत नाही, असे कोणी म्हणावे?

मग अडते कोठे? पंधराव्या महिन्यापर्यंत ठरावीक अंतराने बाळाच्या घरी जाण्याचे काम आशा कार्यकर्तीकडे आहे. परंतु तिची वही मंठ्यात आणि बाळ कोल्हापूरच्या फडावरील कोपीत! शासन तिला कर्मचारी न मानता ‘स्वयंसेविका’ म्हणते आणि कामागणिक मोबदल्यावर राबविते. इकडे आईला धाप दिसते. पण मूल दवाखान्यात न्यावे तर खाडा पडतो, पैसे कापले जातात आणि मुकादमाच्या उचलीचा बोजा वाढतो. उशीर आईच्या अज्ञानातून होत नाही. तो उचलीच्या हिशेबातून जन्मतो.

म्हणून मागण्या स्पष्ट हव्यात. हंगामात प्रत्येक साखर कारखान्याच्या तळावर आशा कार्यकर्ती नेमावी. स्थलांतरित बाळाची नोंद त्याच्याबरोबर जावी. आजारी मुलासाठी घेतलेला दिवस खाडा धरू नये. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात प्राणवायू आणि रात्री वाहन असावे. ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून प्रतिटन वर्गणी घेण्याचे धोरण आहे. त्या पैशावर पहिला हक्क या बाळांचा आहे.

कार्यकर्त्यांनी मात्र शासनाची वाट पाहू नये. टोळ्या निघण्यापूर्वी प्रत्येक तांड्यावर आणि वस्तीवर श्वास मोजण्याचे शिक्षण द्यावे. त्याला एक घड्याळ आणि एक मिनिट पुरते. मात्र आईने मोजलेला श्वास ऐकून घेणारी व्यवस्था उभी करण्यास लढाच द्यावा लागेल.