कोरफडीस पाणी किती ?

आपल्याकडे पुष्कळ घरांच्या दारावर कोरफडीचें एखादें रोप मुळें वर करून टांगलेलें आढळतें. दृष्ट लागूं नये हा त्यामागील हेतु. त्याची चर्चा आज कर्तव्य नाहीं. आम्हांस नवल वाटतें तें निराळेंच. माती नाहीं, पाणी नाहीं, तरी तें रोप कित्येक महिने हिरवें राहतें; आणि त्याच घरच्या अंगणांत कुंडींत लाविलेली त्याची बहीण श्रावण संपण्यापूर्वींच बुडापाशीं मऊ पडून कुजते. दोष घरच्या प्रेमळ हातांचा आहे. सकाळीं सासूबाई तुळशीस घालून उरलेलें पाणी तिच्यावर ओततात, दुपारीं मुलें आपला पेला तेथेंच रिता करितात, आणि सायंकाळीं सूनबाईंस वाटतें कीं बिचारीस आज कोणी विचारलेंच नाहीं !

संस्कृतांत हिला घृतकुमारी म्हणतात. पानांतील तुपासारखा गर हीच तिची विहीर. दिवसा ही वनस्पति पानांवरील सूक्ष्म रंध्रें मिटून घेते व रात्रीं गारव्यांत तीं उघडून कर्बवायु आंत घेते. तो आम्लरूपानें सांठवून दुसरे दिवशीं उन्हाच्या साहाय्यानें त्याचें अन्न करिते. त्यामुळें तिचें पाणी फारसें उडून जात नाहीं. अरबस्तानच्या रुक्ष भूमींतून आलेल्या झाडास हीच रीत शोभते.

तेल्हाऱ्यास खरी अडचण मातीची. आमची काळी जमीन उन्हाळ्यांत भेगाळते व पावसाळ्यांत फुगून चिकट होते. मग मुळांस हवाच मिळत नाहीं. कपाशीस ती उत्तम, कोरफडीच्या कुंडीस मात्र घातक. म्हणून भोंक असलेली साधी मातीची कुंडी घ्यावी, भोकावर खापर पालथें घालावें, आणि एक वांटा माती, एक वांटा नदीची जाड वाळू, अर्धा वांटा विटांचे बारीक तुकडे व मूठभर जुनें शेणखत असें मिश्रण भरावें. बुडाशीं फुटलेलें चार बोटें उंचीचें पिलूं मुळांसकट काढून तीन-चार दिवस सावलींत सुकवावें व मग लावावें.

पाणी घालण्यापूर्वीं मातींत दोन पेरें बोट खुपसावें. ओल लागल्यास तांब्या परत न्यावा. उन्हाळ्यांत आठ-दहा दिवसांनीं, थंडींत तीन आठवड्यांनीं पुरे. मृगापासून हस्तापर्यंत कुंडी वळचणीच्या आंत असावी. वैशाखांत पारा ४४ अंशांवर गेला म्हणजे सकाळचें कोवळें ऊनच बस. पूर्णेकडील खारपाण पट्ट्यांतील मंडळींनीं विहिरीच्या पाण्याऐवजीं पागोळ्यांचें सांठविलेलें पाणी घालावें; नाहीं तर कुंडींत क्षार सांचतात. हें सर्व काम घरांत एकाच व्यक्तीकडे असावें, आणि आमच्या मतें तें एखाद्या नातीकडे द्यावें. मुली असले नियम मोठ्यांपेक्षां कडक पाळतात.

आतां पोटांत घेण्याविषयीं. सालीखालीं जो पिवळा कडू चीक असतो, तोच वाळविला म्हणजे काळा बोळ. तो तीव्र रेचक आहे. अमेरिकेच्या औषध-नियामक खात्यानें २००२ सालीं, निर्धोकपणाचा पुरेसा पुरावा पुढें न आल्यामुळें, असलीं रेचकें चिठ्ठीवांचून विकण्यास मनाई केली. आजीबाईंच्या बटव्याचा आम्हांस आदर आहे. तथापि गर्भवती, अंगावर पाजणाऱ्या बायका व तान्हीं मुलें यांस वैद्याच्या सांगण्यावांचून कोरफड पोटांत देऊं नये. त्वचेस लावावयाची झाल्यास पान कापून उभें ठेवावें, चीक निथळूं द्यावा, साल काढून गर धुवावा. कोरफडीच्या कोवळ्या रोपावरहि पांढरे ठिपके असतात आणि शोभेच्या लहान जातींवरहि. तेव्हां बाजारांतून आणलेल्या रोपाची जाणत्याकडून ओळख पटेपर्यंत तें खिडकींतच शोभूं द्यावें.