स्वस्त स्कोप, गप्प कंपनी

हँटेक ६०२२बीई हा पीसीला यूएसबीने जोडायचा, दोन चॅनलचा स्वस्त ऑसिलोस्कोप. बँडविड्थ २० मेगाहर्ट्झ सांगतात, पण सॅम्पलिंग सेकंदाला फार तर ४.८ कोटी. म्हणजे २० मेगाहर्ट्झच्या सिग्नलला एका आवर्तनात अडीच बिंदूसुद्धा मिळत नाहीत. लाट कसली, ठिपक्यांची रांगोळी! ऑडिओ, आर्डुइनो, सिरियल पोर्ट यांना मात्र तो छान पुरतो.

आता सपोर्ट. स्वस्त उपकरणांबरोबर बहुतेकदा एक सॉफ्टवेअर आणि एक पीडीएफ मिळते, पुढे सगळी शांतता. तरीही मी म्हणेन, हा घ्या. कारण याचं फर्मवेअर आत कायमचं बसलेलं नसतंच. दरवेळी जोडल्यावर पीसी ते चिपच्या रॅममध्ये चढवतो. त्यामुळे कुणीही नवं लिहून बघावं. फसलं तर केबल काढून परत लावावी, बस्स. म्हणूनच ओपनहँटेक आणि सिगरॉकवाल्यांनी स्वतःचं फर्मवेअर लिहिलं, आणि हा स्कोप लिनक्सवरही मस्त चालतो.

तेव्हा घेताना मेगाहर्ट्झ नंतर बघा. आधी विचारा, उद्या कंपनी गप्प बसली तर याला दुसरं कोणी बोलतं करू शकेल का?