मुलांच्या हातात आधी चाळण द्या



मे महिन्याची सुट्टी लागली की आपल्या महिला मंडळात एक विषय हमखास निघतो. मुलं बेकरीचं फार खातात. कुणी म्हणतं घरात आणूच नका, कुणी म्हणतं महाराजांच्या समोर नेऊन त्याग घ्यायला लावा, कुणी म्हणतं मोबाइल काढून घ्या, सगळं तिथूनच शिकतात. यातलं काही खोटं नाही. पण 'चालत नाही' एवढे दोनच शब्द मुलांच्या हातात देऊन आपण मोकळ्या होतो, आणि तिथेच आपलं घर कमी पडतं असं मला वाटतं. या सुट्टीत आम्ही घरी एक गोड पाव भाजायला लागलो, त्यावरून हे मत आणखी पक्कं झालं.

पावाचं नाव मंकी ब्रेड. अकरा वर्षांच्या थोरलीनं तो कुठल्याशा व्हिडिओत पाहिला. कणकेचे छोटे गोळे लोण्यात बुडवायचे, दालचिनी आणि साखरेत घोळवायचे, साच्यात एकावर एक रचून भाजायचे आणि ताटात उपडे करायचे. मग सगळ्यांनी भोवती बसून एकेक गोळा ओढून खायचा, सुरी नाही की चमचा नाही. मूळचा हा हंगेरीतला प्रकार. तिकडे त्याला 'सोनेरी गोळे' अशा अर्थाचं नाव आहे. हंगेरीतून गेलेल्या ज्यू कुटुंबांनी तो अमेरिकेत नेला आणि १९८०च्या दशकात नॅन्सी रेगन यांनी तो व्हाइट हाउसमध्ये वाढला, तेव्हा त्याची आणखी चर्चा झाली. धाकट्याला 'माकडाचा पाव' म्हणून हसू आवरेना. तसं ओढून तोडायच्या पावाचं आपल्याला नवल नाही. लादीपाव याच जातीचा.

आता कृती बघा. मूळ कृतीत यीस्ट, काहींमध्ये अंडं, आणि साखर तर एक-दोन कप. म्हणून थोरलीनं शोधून 'हेल्दी' कृती आणली. तिच्यात साखरेऐवजी मध आणि वरून सुके अंजीर! म्हणजे पौष्टिक करायला जाऊन ती आपल्यासाठी आणखीच लांब गेली. मद्य, मांस, मधु आणि पाच उदुंबर फळं यांचा त्याग म्हणजे आपले अष्टमूलगुण, श्रावकाची पहिली पायरी. अंजीर त्या उदुंबरांतच धरतात. पाठशाळेत मुलं हे घडाघडा म्हणतात. पण मधाच्या बाटलीवर हिरवा ठिपका असतो, त्यामुळे 'शाकाहारी आहे की' असं त्यांना मनापासून वाटतं. एगलेस लिहिलेल्या केकचंही तेच. अंडं नाही एवढंच ते सांगतं, बाकी काय आहे ते आपण विचारायचं.

थोरलीनं विचारलं, "आई, यीस्ट का चालत नाही?"

हा प्रश्न मला फार मोलाचा वाटला, कारण त्याच्या महिनाभर आधी तिच्या दप्तरात बेकरीच्या क्रीमरोलचा कागद सापडला होता. खाल्लं याचं मला तितकं वाटलं नाही. कागद घडी करून कंपासपेटीत लपवला होता, त्याचं वाटलं. मूल विचारायचं थांबलं की लपवायला लागतं. आणि सात वर्षांनी हीच मुलगी पुण्याला नाही तर बंगळुरूला वसतिगृहात राहणार आहे. आपल्या सांगली-कोल्हापूर भागातल्या किती मुली अशा जातात. तिथे सासूबाई नसतील, मी नसेन, बस्तीची घंटा कानावर पडणार नाही. 'चालत नाही' हे दोन शब्द तिथे किती दिवस टिकतील?

म्हणून मी तिला सरळ सांगितलं. यीस्ट म्हणजे जिवंत पेशी, एका ग्रॅममध्ये अब्जावधी. कोमट पाण्यात साखर घालून आपण त्यांना जागं करतो, त्या साखर खातात, वायू सोडतात, त्यानं कणीक फुगते. मग आपण ती भट्टीत घालतो आणि त्या सगळ्या मरतात. तिनं लगेच विचारलं, "मग दह्यात पण जिवाणू असतातच ना?" असतात. दह्याला आपण आठ प्रहरांची मर्यादा घातली आहे, त्यापुढे ते घेत नाही. संसारी माणसाला हिंसा शून्य करता येत नाही. चूल पेटली की आरंभी हिंसा आली. ती कमीत कमी कशी होईल ते बघायचं, आणि जाणूनबुजून वाढवायची नाही. तिचं पूर्ण समाधान झालं असं नाही. "हम्म" म्हणाली. अकरा वर्षांच्या मुलीचं 'हम्म' मला तरी पुष्कळ झालं.

मग आम्ही आमची कृती बसवली. मला वाटलं होतं दही घालून मळावं, पण सासूबाईंनी लगेच अडवलं, "दह्यात गूळ जातोय होय गं?" दही आणि गूळ एकत्र करायचं नाही, हे आमच्या घरात कडक पाळतात. म्हणून दूध घेतलं. दोन वाट्या, म्हणजे साधारण अडीचशे ग्रॅम गव्हाचं पीठ, त्यात दोन लहान चमचे बेकिंग पावडर, चिमूटभर सैंधव, तीन मोठे चमचे तुपाचं मोहन. मोहन मुलांनी बोटांनी चोळायचं, शंकरपाळ्याला चोळतो तसं. मग कोमट दूध थोडं थोडं घालत मऊ कणीक, दीडशे मिलिलिटरच्या आसपास लागतं. फार तिंबायची नाही, नाहीतर गोळे चिवट होतात. बेकिंग पावडरीत सोडा आणि कोरडं आम्ल दोन्ही असतं, ओलं झालं की वायू सुटायला लागतो. त्यामुळे कणीक मळून झाकून ठेवायची नाही, लगेच गोळे करायचे. (मुलांना हे आधी दाखवायचं असेल तर वाटीत सोडा घेऊन लिंबू पिळा. धाकट्यानं सहा वेळा करायला लावलं, सोड्याची पुडी संपली.)

मोठ्या बोराएवढे सोळा गोळे होतात. साठ ग्रॅम भुरभुरा गूळ, एक चमचा दालचिनी, थोडी वेलची. गोळा पातळ तुपात बुडवायचा, गुळात घोळवायचा, तूप लावलेल्या डब्यात रचायचा, मध्ये मध्ये खजूर आणि अक्रोडाचे तुकडे. ज्यांच्या घरी त्या दिवसांत सुकामेवा बंद असेल त्यांनी नुसता गूळच ठेवावा, काही बिघडत नाही. ओव्हन असेल तर १८० अंशांवर पंचवीस मिनिटं. नसेल तर कुकरची शिट्टी आणि रिंग काढून तळाशी मीठ घाला, दहा मिनिटं तापवा, वाटीवर डबा ठेवून मंद आचेवर पस्तीस-चाळीस मिनिटं. काढल्यावर पाच मिनिटांत उपडा करा, जास्त थांबलात तर गूळ घट्ट होऊन डबा सोडत नाही. उपडा मात्र आपणच करायचा. तापलेला गूळ हाताला चिकटला की वाईट भाजतं, म्हणून आणखी दहा मिनिटं मुलांना धीर धरायला लावा.

आता खरी गोष्ट. या सगळ्यात मुलांचा सर्वांत जास्त वेळ गेला तो शोधण्यात. शोधणं हा आपल्या घरातला जुना शब्द. धान्य शोधायचं, भाजी शोधायची, पाणी गाळून घ्यायचं. आपण हे मुलांच्या मागे, घाईत उरकतो आणि मुलांसमोर येतं ते फक्त तयार ताट. या वेळी मी चाळण थोरलीच्या हातात दिली. पीठ घरच्या चक्कीचं, तिसऱ्याच दिवसाचं, तरी उजेडात धरून चाळायला लावलं. उन्हाळ्यात पिठाची मर्यादा पाच दिवस, पावसाळ्यात तीन, थंडीत सात, हे तिला पाठ होतं. पण 'का' ते चाळणीत बघताना कळलं. दमट हवेत किडे लवकर होतात, एवढं साधं आहे ते. बाजारच्या मैद्याचं दळण कधीचं, हे पाकिटाला विचारून कळत नाही, म्हणून तो नको, हेही मग वेगळं समजवावं लागलं नाही.

खजूर धाकट्याकडे होते. प्रत्येक खजूर उभा चिरून आत बघायचा. पाचव्या खजुरात काळी भुकटी आणि एक बारीकशी पांढरी अळी निघाली. सहा वर्षांचा मुलगा एकदम गप्प झाला. मग म्हणाला, "आई, मी बघितलं नसतं तर ही भाजली असती." त्यानं तो खजूर अळीसकट परसात पेरूच्या झाडाखाली सावलीत नेऊन ठेवला, आणि दिवसभरात चार वेळा बघून आला. त्या दिवसापासून तो खजूर अख्खा तोंडात टाकत नाही. मी त्याला अहिंसा अणुव्रताची व्याख्या कितीही वेळा म्हणायला लावली असती, तरी हे झालं नसतं. गुळाच्या ढेपेवरच्या मुंग्याही त्यानंच पिसानं हळूच बाजूला केल्या. आपल्या भागात ऊस आणि गूळ घरचा, त्यामुळे मुंग्यांची चिंता करायला कुणी बसत नाही.

'हेल्दी' या शब्दाबद्दलही बोलायला हवं, कारण आपल्याकडे गूळ घातला की पदार्थ आपोआप औषध होतो. होत नाही. गूळ म्हणजेही मुख्यतः साखरच. त्यातलं लोह वगैरे आपण खातो तेवढ्या गुळातून फारसं मिळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ साली सांगितलं की वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवा, पाच टक्क्यांच्या आत राहिली तर आणखी चांगलं. सोळाशे कॅलरी लागणाऱ्या मुलाला पाच टक्के म्हणजे वीस ग्रॅम, आणि त्यात गूळही आला. आमच्या पावात साठ ग्रॅम गूळ, सोळा गोळे. म्हणजे एका मुलानं चार गोळे खाल्ले की पंधरा ग्रॅम तिथेच झाला. मग त्या दिवशी सकाळच्या दुधात साखर नको. विकतच्यापेक्षा हा बरा, कारण कणीक गव्हाची आहे, तूप घरचं आहे आणि गोड किती घातलं ते आपल्याला माहीत आहे. यापेक्षा मोठा दावा मी करणार नाही.

एक गोष्ट मात्र आपल्याच नियमानं साधते. रात्र ओलांडलेलं आपण खात नाही, आणि दिवस मावळल्यावरही खात नाही. त्यामुळे हा पाव तीनच्या सुमाराला भट्टीत जायला हवा आणि सहाच्या आत संपायला हवा. मोठा घाणा करून फ्रिजमध्ये ठेवायचा आणि मुलांनी तीन दिवस येता-जाता तोडत राहायचा, हा प्रकारच होत नाही. घरात सहा माणसं, सोळा गोळे, झालं.

मंडळात एका काकूंनी विचारलं, आणि त्यांचं म्हणणं मी हलकं समजत नाही, की नक्कल हवीच कशाला? सांजा आहे, पुरणपोळी आहे, गव्हाची खीर आहे. परक्याचा पदार्थ आपल्या नियमात कोंबून काय मिळवायचं? काही बाबतींत मी काकूंच्याच बाजूची आहे. 'जैन ऑम्लेट' नावाचा बेसनाचा पोळा मी घरात त्या नावानं होऊ देत नाही. ज्याची कल्पनाच हिंसेची, त्याची चव आणि नाव जपून ठेवण्यात मला अर्थ दिसत नाही. पण गोड कणकेचे गोळे एकत्र भाजून सगळ्यांनी ओढून खाणं, यात मुळात वाईट काय आहे? यीस्ट काढलं, मध काढला, अंडं काढलं, तरी पदार्थ उभा राहतो. शिवाय पुरणपोळी करायला मुलं कुठे येतात? पुरण वाटायला ती पाच मिनिटं थांबतात आणि पळतात. गोळे करून घोळवणं त्यांच्या हाताला जमतं, म्हणून ती दोन तास स्वयंपाकघरात राहतात, आणि त्या दोन तासांत ती जे विचारतात ते जेवणाच्या ताटावर कधीच विचारत नाहीत.

खोटं कशाला सांगू, हा पाव बेकरीसारखा फुगत नाही. सासूबाई पहिला घास खाऊन म्हणाल्या, "ही तर गोड बाटी की गं." थोरलीचं तोंड उतरलं. मग त्यांनीच आणखी दोन गोळे ओढून घेतले.

पुढच्या वेळी थोरलीला निम्मा गूळ कमी करून खजूर वाढवून बघायचा आहे. मैत्रिणीला घरी बोलावून दोघींनी मिळून करायचं, असं तिनंच ठरवलंय. पाऊस लागायच्या आत करा म्हटलंय, नंतर पिठाची मर्यादा तीन दिवसांवर येते आणि चक्की परत परत लावायची माझी तयारी नाही.