नाव नंतर, आधी वर्णन!

पावसाळा सरला की अकोले तालुक्यात प्रवरेच्या उथळ पाण्यातला एखादा दगड मुलांना उलटून पाहू द्या. तुम्ही सोबत राहा. दगडाला कधी वाळूच्या कणांची, कधी पानांच्या तुकड्यांची बारीक नळी चिकटलेली सापडते. आत कॅडिसफ्लायची अळी असते. तोंडातून निघणाऱ्या रेशमाने ती हे घर जोडते. प्रौढ कीटक पतंगासारखा दिसतो, पण त्याच्या पंखांवर खवल्यांऐवजी केस असतात.

"सर, हिची जात कोणती?" मुलं विचारतातच. आपण लगेच मोबाईल काढतो. अ‍ॅप काहीतरी नाव सांगतं आणि मुलांचं बघणं तिथंच थांबतं.

माझ्या मते इथंच आपलं चुकतं. जगात कॅडिसफ्लायच्या १५ हजारांहून अधिक जाती आहेत. जात ठरवायला शास्त्रज्ञही बहुधा प्रौढ नराच्या पोटाच्या टोकाचे अवयव सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. नव्या जातीचं वर्णन करताना चित्र, मोजमाप, ठिकाण, तारीख सगळं नोंदवतात. नमुना संग्रहालयात जपतात, म्हणजे पुढे कुणालाही पडताळता येतं.

एका मुलीने वहीत 'जात माहीत नाही' असं लिहिलं होतं. मी लाल पेनाने ते खोडून अ‍ॅपचं नाव लिहिलं. खरं तर तिचंच उत्तर बरोबर होतं!

म्हणून मुलांना एवढंच लिहू द्या: घर कशाचं? लांबी किती मिलिमीटर? पाणी वाहतं की साचलेलं? मग दगड होता तसाच ठेवायचा. आणि 'माहीत नाही' असं प्रामाणिकपणे लिहिणाऱ्याला पूर्ण गुण द्यायचे. द्याल ना?