घोडबंदर ते टोकियो, व्हाया मीरा रोड!

मंडळी, तुमच्या घरात किंवा मावशीच्या घरात एक तरी असा नमुना असणारच. कॉलेजात आहे, रात्री दोनपर्यंत मोबाइलवर ॲनिमे बघतो, ताटावर बसला की ‘इतादाकिमास’ म्हणतो आणि आईने ‘अभ्यास कधी करणार?’ विचारलं की ‘सुमिमासेन’ म्हणत कमरेत वाकतो. घरच्यांच्या मते हे निव्वळ खूळ. मग रविवारी फोन येतो तुम्हाला. कारण तुम्ही कमावते, ऑफिसात एसीत बसणारे, जगाचं ज्ञान असलेले दादा किंवा ताई! ‘जरा समजाव रे त्याला.’

आता समजवायचं काय? हे खूळ सोडून दे म्हणून, की नीट धर म्हणून?

आमच्याकडे घोडबंदरला, सोसायटीतल्या एका टीवायबीकॉमच्या मुलाने मला लिफ्टमध्ये गाठून विचारलं, ‘ताई, जपानचं आपल्याला जमतं का? की ते पुणेवाल्यांचंच असतं?’ सहाव्या मजल्यापर्यंत याचं उत्तर देऊन होत नाही. म्हणून आजचा कॉलम.

पुणेवाल्यांचंच का?

पुण्याचं नाव निघतं ते उगाच नाही. फर्ग्युसन रस्त्यावर रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग आहे, टिळक महाराष्ट्र विद्यापीठात जपानीत थेट बीए-एमए करता येतं. जपानी शिकवणाऱ्या शिक्षकांची ‘जॅलटॅप’ ही स्वतःची संघटना आहे. सिंहगड रोडवरचं पु. ल. देशपांडे उद्यान ऊर्फ पुणे-ओकायामा मैत्री उद्यान हे ओकायामाच्या ज्या कोराकुएन बागेवरून बेतलंय, ती मूळ बाग १७०० साली पूर्ण झाली होती. आणि पुण्यात जपानी शिकून तिकडे गेलेले योगेंद्र पुराणिक २०१९ मध्ये टोकियोतल्या एदोगावा वॉर्डात चक्क निवडणूक जिंकले, २०२३ मध्ये इबाराकीतल्या एका सरकारी हायस्कूलचे मुख्याध्यापक झाले. म्हणजे भाषा येत असेल तर माणूस कुठवर जातो बघा!

पण बॉस, आपली मुंबईही मागे नव्हती. जपानच्या निप्पॉन युसेन काइशा कंपनीची मुंबई-जपान बोट १८९३ मध्ये सुरू झाली, ती जमशेटजी टाटांच्या साथीने, इथला कापूस तिकडे न्यायला. वरळी नाक्याजवळचं निप्पोन्झान म्योहोजी मंदिर कित्येकांनी बसमधून पाहिलं असेल, आत किती जण गेलेत? या पंथाचे संस्थापक भिक्खू निचिदात्सु फुजी १९३३ मध्ये वर्ध्याला जाऊन गांधीजींना भेटले होते. आणि नागपूरच्या दीक्षाभूमीशी ज्यांचं नाव कायमचं जोडलं गेलंय ते भदंत सुरई ससाई मूळचे जपानचेच.

आणि आपलं घोडबंदर? नावातच बंदर आहे. इथे परदेशी घोडे उतरायचे म्हणून हे नाव पडलं असं सांगतात. परदेशाशी धंदा करणाऱ्या गावाने ‘आपल्याला जमेल का’ असं विचारायचं म्हणजे जरा गंमतच!

कारा, मादे आणि मराठी

‘जपानी फार कठीण’ हे निम्मंच खरं. लिपी कठीण आहे, हे मान्य. हिरागाना ४६ अक्षरं, काताकाना ४६, आणि त्यावर रोजच्या वापरासाठी सरकारने ठरवलेल्या २,१३६ कांजी. पण वाक्यरचना? ती तर आपलीच! इंग्रजीत क्रियापद मधे येतं, जपानीत मराठीसारखं शेवटी. ‘वाताशी वा ओचा ओ नोमिमासु’ म्हणजे ‘मी चहा पिते’. शब्दाला मागून चिकटणारे प्रत्ययही आहेतच. ‘मीरा रोड कारा चर्चगेट मादे’ म्हणजे ‘मीरा रोडपासून चर्चगेटपर्यंत’. झालं, रोजचा प्रवास जपानीत सांगून झाला!

तू, तुम्ही आणि आपण यातला फरक ज्याला लहानपणापासून कळतो, त्याला जपानी आदरार्थी बोलणं चक्रावून टाकत नाही. इतकंच काय, त्यांची अक्षरमाळा ‘आ इ उ ए ओ’, मग ‘का सा ता ना’ अशी लागते. हा क्रम संस्कृत शिकणाऱ्या बौद्ध भिक्खूंच्या परंपरेतून आलेला आहे. म्हणजे बाराखडी पाठ केलेलं पोर अर्ध्या रस्त्यात आधीच उभं आहे.

परीक्षेचा फंडा

जपानी येतं हे जगाला दाखवायचं तर जेएलपीटी ही परीक्षा द्यावी लागते. १९८४ पासून चालू आहे. २०१० पासून तिच्या पाच पायऱ्या आहेत, सर्वांत सोपी एन५ आणि सर्वांत अवघड एन१. परीक्षा जुलै आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी होते. मुंबई आणि पुणे दोन्हीकडे केंद्रं आहेत, मात्र कोणत्या केंद्रावर कोणती फेरी आहे ते दरवर्षी तपासावं लागतं. डिसेंबरचे अर्ज ऑगस्ट-सप्टेंबरच्या आसपास भरून घेतात, म्हणजे बरोबर गणपतीच्या गडबडीत. नंतर ‘अरेच्चा, राहिलंच की’ म्हणणारे दरवर्षी भेटतात.

आता कडू गोळी. एन५ म्हणजे सुरुवात. ते सर्टिफिकेट फ्रेम करा, फेसबुकवर टाका, पण त्याच्यावर नोकरी मागू नका. कंपन्या, अनुवादाची कामं, जपानी क्लायंट सांभाळणारे आयटी प्रोजेक्ट हे सगळे बोलायला लागतात एन३च्या पुढे, आणि खरी किंमत एन२ला. तिथवर जायला दोन-तीन वर्षं नेटाने लागतात. दुसरी गोष्ट, या परीक्षेत वाचायचं आणि ऐकायचं असतं, बोलायचं काहीच नसतं. पास होऊन तोंड न उघडणारे म्हणूनच निघतात. क्लास निवडताना पहिला प्रश्न हाच विचारा, ‘बोलायला लावता का?’

स्कॉलरशिप, आणि वयाचं घड्याळ

आता मुद्द्याचं. जपान सरकारची ‘मेक्स्ट’ स्कॉलरशिप. नाव ऐकलेले पुष्कळ, अर्ज भरलेले थोडे. दूतावासामार्फत भरायचा तर बोली साधारण एप्रिल ते जूनमध्ये, म्हणजे नेमक्या परीक्षा आणि सुट्टीच्या काळात निघते. निवड झाली तर फी माफ, जाण्यायेण्याचं विमानभाडं आणि वर दरमहा खर्चाला पैसे. गेली काही वर्षं पदवीच्या विद्यार्थ्याला महिन्याला १,१७,००० येन आणि संशोधन करणाऱ्याला साधारण १,४३,००० ते १,४५,००० येन अशी रक्कम आहे.

यातले तीन रस्ते लक्षात ठेवा. बारावी झालेल्यांसाठी पदवीची स्कॉलरशिप: यात पहिलं वर्ष भाषा शिकण्यात जातं, वयाची अट २५च्या आत. पदवी झालेल्यांसाठी संशोधनाची: विषय पदवीचाच किंवा त्याच्याशी संबंधित हवा, वय ३५च्या आत. आणि जपानी भाषा-संस्कृती हाच मुख्य विषय घेऊन पदवी करत असलेल्यांसाठी एक वर्षाची ‘जपानी स्टडीज’, वय ३०च्या आत. आमचा बीकॉमवाला या तिसऱ्या रस्त्यात बसत नाही, दुसऱ्यात बसू शकतो. फक्त तीन वर्षांची पदवी असेल तर ज्या विद्यापीठात जायचंय त्यांना ती चालते का हे आधीच ईमेल करून विचारून घ्यायचं.

आणि हो, ३५ची अट वाचून तुमच्यापैकी किती जणांनी बोटं मोजली? फॉर्म फक्त धाकट्या भावंडांचा नाही, मंडळी!

स्कॉलरशिप नाही मिळाली तर? जपानच्या राष्ट्रीय विद्यापीठांची सरकारने ठरवलेली प्रमाण फी वर्षाला ५,३५,८०० येन आहे, टोकियो विद्यापीठासारख्या काहींनी ती वाढवली आहे. विद्यार्थ्याला परवानगी काढून आठवड्याला २८ तासांपर्यंत काम करता येतं. त्यातून किराणा आणि ट्रेनचा पास निघेल, फी निघेलच असं धरून घरचं सोनं गहाण टाकू नये.

छोटी चव घ्यायची असेल तर ‘जेनेसिस’ आहे. २००७ मध्ये सुरू झालेला हा युवक देवाणघेवाण कार्यक्रम, साधारण आठवडाभराचा. सायन्सवाल्यांसाठी २०१४ मध्ये सुरू झालेला ‘साकुरा सायन्स’. ही निवड बहुतेक वेळा संस्थांमार्फत होते, म्हणून कॉलेजच्या नोटीस बोर्डाशी आणि एका तरी प्राध्यापकाशी मैत्री ठेवलेली बरी.

प्लॅन लिहायचा तर आपला लिहा

संशोधनाच्या अर्जाचा जीव असतो रिसर्च प्लॅनमध्ये. इथेच बहुतेक अर्ज एकाच साच्यातले निघतात: ‘मला लहानपणापासून जपानबद्दल आकर्षण आहे...’ अरे, असणारच! डोरेमॉन आणि शिनचॅन बघून मोठी झालेली पिढी आहे ही. त्यांना हवं असतं ते हे, की जे इथे शिकता येणार नाही असं तिथे काय शिकणार?

आपल्याकडे तर विषयांची रेलचेल आहे. मीरा-भाईंदरला दर पावसाळ्यात गुडघाभर पाणी कशाला म्हणतात हे कुणी शिकवायला नको. टोकियोच्या उत्तरेला कासुकाबेजवळ जमिनीखाली सुमारे ५० मीटर खोल, ६.३ किलोमीटर लांबीचा पुराचं पाणी वळवणारा बोगदा २००६ मध्ये पूर्ण झाला. २६ जुलै २००५ पाहिलेल्या शहराच्या मुलीने यावर अभ्यास नाही करायचा तर कुणी?

इंजिनीअर असाल तर बुलेट ट्रेन आहे. ठाणे आणि विरार ही दोन स्थानकं, आणि आपण बरोबर मधे. संस्कृतीत रस असेल तर जपानचा कांगितेन बघा, म्हणजे आपला गणपतीच. टोकियोत आसाकुसाच्या मात्सुचियामा शोदेन मंदिरात त्याला मोदकाऐवजी मुळा वाहतात! धर्म-समाजशास्त्रवाल्यांसाठी कोयासान विद्यापीठाच्या आवारातला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा, २०१५ मध्ये उभा राहिला. पर्यटनवाल्यांसाठी अजिंठा-वेरूळ, जिथल्या जतन आणि सोयींसाठी जपानने कर्ज दिलं. मराठी माणसाला मूळ साधनं वाचता येतात आणि जपानी येत असेल तर दुसरी बाजूही. असा माणूस जगात दुर्मीळ असतो, आणि दुर्मीळ माणसालाच स्कॉलरशिप मिळते.

खिशाला परवडेल असं

घोडबंदरहून क्लासला जायचं म्हणजे आधी ट्रॅफिक, मग मीरा रोडची लोकल, मग उभ्याने दादर. आठवड्यातून तीनदा हे करणारा मुलगा पहिल्या कांजीलाच दमतो. म्हणून सुरुवात घरून. जपान फाउंडेशनचा ‘मिनातो’ हा ऑनलाइन मंच आहे, स्वतःच्या वेगाने शिकायचे बरेचसे कोर्स फुकट. ‘इरोदोरी’ नावाचं रोजच्या व्यवहाराचं पुस्तक ऑडिओसकट फुकट उतरवता येतं. तीन महिने रोज अर्धा तास एवढं टिकलं, तर क्लासची फी भरा. नाही टिकलं, तर ॲनिमे बघत राहा, त्यातही काही पाप नाही.

बाकी मुंबईत इंडो-जॅपनीज असोसिएशन कित्येक वर्षं भाषा शिकवतेय. मुंबईतल्या जपानी वाणिज्य दूतावासाच्या घोषणांवर लक्ष ठेवलं तर स्कॉलरशिपची माहितीही मिळते आणि कार्यक्रमांचीही. वक्तृत्व स्पर्धा विभागीय आणि अखिल भारतीय पातळीवर होतात, तिथे एकदा भाषण केलं की भीती मेलीच. आणि एखाद्या संध्याकाळी वरळीच्या मंदिरात जाऊन ढोलाच्या तालावरची प्रार्थना ऐका. तिकीट शून्य.

जरा जपून!

ऑगस्ट २०२५ मध्ये भारत आणि जपानने पाच वर्षांत पाच लाख लोकांच्या देवाणघेवाणीचं उद्दिष्ट जाहीर केलं. झालं, लगेच गल्लोगल्ली ‘जपान जॉब गॅरंटी’चे फलक! भारतीयांसाठी कुशल कामगार व्हिसाचा रस्ता आहे, २०२१ मध्ये दोन्ही देशांचा त्यावर करारही झालाय. पण त्याला साधारण एन४ पातळीची भाषा आणि त्या कामाची कौशल्य चाचणी लागते. ‘भाषेचं आम्ही बघतो, तुम्ही फक्त लाखभर भरा’ म्हणणाऱ्याला लांबूनच नमस्कार करा, जपानी पद्धतीने, वाकून. नोंदणीकृत एजंट कोण ते परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर दिसतं. आणि विद्यार्थी व्हिसावर जाऊन पूर्णवेळ कमवायचं स्वप्न दाखवणाऱ्यावर तर अजिबात भाळू नका. २८ तासांची मर्यादा मोडली तर व्हिसाच धोक्यात येतो.

तर रविवारी तो फोन आला की काय सांगाल? एवढंच सांगा: खूळ असू दे, पण त्याला एक तारीख जोड. या डिसेंबरला एन५, पुढच्या वर्षी एन४, आणि एप्रिल उजाडला की मेक्स्टच्या घोषणेवर नजर. अर्जाचा खर्च होतो तो झेरॉक्स, कुरिअर आणि दोन रविवारांचा. नाही मिळाली तर भाषा हातात राहते. मिळाली तर मावशीलाच विमानतळावर सोडायला जावं लागेल, आणि ती रस्ताभर सांगेल, ‘मी तर आधीपासून म्हणत होते!’

गानबात्ते कुदासाई! म्हणजे, लागा कामाला!