बाळंतिणीचा चीक

गाय व्याली कीं तिच्या चिकाचा खरवस आपण शेजारींपाजारींही पाठवितों. बाळंतिणीचा चीक मात्र जड म्हणून पिळून टाकावयाचा, ही कित्येक घरांतली रीत! १९८८ सालीं चिरंजीव जन्मले तेव्हां मींच सुश्रुताचा आधार काढला होता: दूध तीन-चार रात्रींनीं उतरतें, तोंवर मध व तूप चाटवावें. मातोश्रींनीं मान डोलाविली. सौ.चा पदर भिजे, परंतु वडीलधाऱ्यांदेखत ती कांहीं बोलली नाहीं. मूल दोन दिवस रडत होतें.

चरकानें मध-तुपानंतर लागलीच स्तनपान सांगितलें आहे, हें मीं पुढें वाचलें. त्या पिवळसर, दाट चिकांत रोगप्रतिकारक द्रव्यें असतात. येतो थोडा, पण पहिल्या दिवशीं अर्भकाचें जठर तरी केवढें? तासाभराच्या आंत मूल अंगावर घ्यावें, असें जागतिक आरोग्य संघटना सांगते. मध तर वर्षाच्या आंत नकोच. त्यांतील जंतूंमुळें क्वचित् अर्भकाचे स्नायू लुळे पडून जिवावर बेततें.

सूनबाईंचे दिवस भरत आले आहेत. परवां सौ.नें मधाची कुपी माझ्यापुढें ठेवून विचारलें, “या खेपेस कोणता ग्रंथ काढावयाचा?”

मीं कुपी उचलून फडताळांत ठेविली.