आधी कोण बोलणार?

मागच्या महिन्यातली गोष्ट. नात्यातल्या एका लग्नाला मी आणि माझी शाळेपासूनची मैत्रीण बरोबर गेलो होतो. तालुक्याच्या गावातलं मंगल कार्यालय. अक्षता पडल्या, वाजंत्री थांबली आणि नेहमीसारखी जेवणासाठी धांदल सुरू झाली. ताट हातात घेतलं आणि मैत्रीण एकदम थबकली. समोर पाण्याच्या जारजवळ एक गृहस्थ उभे होते. पिकलेले केस, चष्मा, सोबत कॉलेजात जाणारी मुलगी. त्यांनीही हिच्याकडे पाहिलं. दोघांनी जराशी मान हलवली, हसल्यासारखं केलं आणि दोघं दोन दिशांना गेले. हिच्या ताटातली जिलबी मात्र शेवटपर्यंत तशीच राहिली.

परतीच्या एसटीत मी काही विचारलं नाही. तीच बोलली. कॉलेजला असताना सकाळच्या एकाच गाडीनं दोघं जायचे-यायचे. तीन वर्षं. शेवटच्या वर्षी हिनं धीर करून मोठ्या भावाला सांगितलं. भाऊ म्हणाला, मला एकदा भेटू तर दे. शनिवारी चार वाजता स्टँडवर भेटायचं ठरलं. हे दोघं बहीणभाऊ सहा वाजेपर्यंत उभे होते. तीन गाड्या आल्या नि गेल्या. तो आलाच नाही. भाऊ एवढंच म्हणाला, ‘‘हाच का तुझा माणूस?’’

सोमवारी तो काही सांगायला पुढे आला, तर ही तोंड फिरवून निघून गेली. आठवड्यानं त्यानं एका मैत्रिणीच्या हाती हिची वही परत पाठवली. हिनं ती उघडलीसुद्धा नाही, ‘त्यालाच ठेवायला सांग’ म्हणून जशीच्या तशी परत केली. मग परीक्षा झाली, स्थळं यायला लागली, लग्न झालं.

‘‘अगं, तो त्या दिवशी का आला नाही, हे मी कधी विचारलंच नाही,’’ खिडकीबाहेर बघत ती म्हणाली. ‘‘त्या वहीत चिठ्ठी होती की नव्हती, तेही पाहिलं नाही. संसार चांगला झाला गं माझा. तक्रार नाही. पण ते विचारायचं राहूनच गेलं.’’

मैत्रिणींनो, खरं सांगा, अशी एखादी न उघडलेली वही आपल्यापैकी कितीजणींच्या आयुष्यात असेल? कुणाची स्वतःची, कुणाच्या बहिणीची, कुणाच्या जिवलग मैत्रिणीची. दोन माणसं वेगळी होतात तेव्हा जात, पत्रिका, घरचा विरोध, नोकरी अशी कारणं जग सांगतं. ती खरी असतातच. पण कित्येकदा या सगळ्याच्या आत एक लहानसं कारण दडलेलं असतं. आधी कोण बोलणार? ती म्हणते, चूक त्याची, त्यानं यावं. तो म्हणतो, मी एकदा गेलो होतो, तिनं मान फिरवली, आता तिनं बोलवावं. दोघंही वाट बघत राहतात आणि वाट बघता बघता रस्ताच संपून जातो.

हे फक्त आपल्यासारख्या साध्या माणसांचंच होतं असं नाही. दिलीपकुमार आणि मधुबाला यांची गोष्ट आपल्या आई-मावश्यांना तोंडपाठ असायची. १९५१ सालच्या ‘तराना’च्या सुमारास दोघं जवळ आले. मधुबाला तेव्हा घरची कमावती मुलगी होती. १९४२ च्या ‘बसंत’मध्ये तिनं काम केलं ते वयाच्या नवव्या वर्षी. तेव्हापासून आईवडील आणि बहिणी असं मोठं कुटुंब तिच्या कमाईवर चालत होतं. तिच्या कामाचा आणि पैशांचा सगळा व्यवहार वडील अताउल्ला खान बघायचे.

मग ‘नया दौर’ आला. बी. आर. चोप्रांना बाहेरगावच्या चित्रीकरणासाठी भोपाळकडे जायचं होतं. वडिलांनी मुलीला पाठवायला नकार दिला. चोप्रांनी तिच्या जागी वैजयंतीमालाला घेतलं आणि प्रकरण मुंबईच्या कोर्टात गेलं. तिथे दिलीपकुमार यांनी चोप्रांच्या बाजूनं साक्ष दिली. ज्या माणसाशी लग्नाची स्वप्नं रंगवली, तोच भर कोर्टात आपल्या वडिलांच्या विरुद्ध उभा! तिला काय वाटलं असेल, याची कल्पना कुठलीही मुलगी करू शकेल. पण थोडं त्याच्याही बाजूनं बघा. त्याला जे खरं वाटलं ते त्यानं सांगितलं. मग त्याबद्दल मान खाली का घालावी?

पुढे काय झालं, याच्या दोन हकिगती आहेत. मधुबालाच्या बहिणीनं नंतर मुलाखतींतून सांगितलं ते असं की, वडिलांची एकदा माफी मागा, सगळं मिटेल, एवढंच मधुबालाचं मागणं होतं. ते मात्र तयार झाले नाहीत. उलट तिनं वडिलांचं घर सोडावं, असा त्यांचा आग्रह होता. दिलीपकुमार यांनी २०१४ साली आलेल्या आत्मचरित्रात वेगळं लिहिलं आहे. वडिलांचा लग्नाला विरोध नव्हता, पण या लग्नातून त्यांना चित्रपटाचा धंदा उभा करायचा होता आणि आपल्या कामाची सूत्रं दुसऱ्याच्या हाती देणं आपल्याला मान्य नव्हतं, असं त्यांचं म्हणणं. यातलं कुठलं बरोबर, हे ठरवणारे आपण कोण? पण दोन्ही हकिगती शेजारी ठेवल्या की एक गोष्ट स्पष्ट दिसते. वडिलांचा मान, त्याचा मान आणि दोघांच्या मधे उभी असलेली ती. कुणीच एक पाऊल मागे घेतलं नाही.

आणि याच काळात ‘मुघल-ए-आझम’चं चित्रीकरण चालू होतं! सलीम अनारकलीच्या चेहऱ्यावरून हळुवार पीस फिरवतो, तो प्रसंग आठवा. तो चित्रित होत होता तेव्हा आम्ही एकमेकांना साधा नमस्कारही करत नव्हतो, असं दिलीपकुमार यांनीच लिहून ठेवलंय. कॅमेरा चालू असताना डोळ्यांत सगळं काही, आणि कॅमेरा बंद झाला की दोघांचे रस्ते वेगळे. ५ ऑगस्ट १९६० ला मुंबईच्या मराठा मंदिरात तो चित्रपट लागला. त्याच वर्षी मधुबालानं किशोरकुमारशी लग्न केलं. तिच्या हृदयाला जन्मापासून छिद्र होतं. २३ फेब्रुवारी १९६९ ला, अवघ्या ३६ व्या वर्षी ती गेली. दिलीपकुमार यांनी १९६६ साली सायराबानूंशी लग्न केलं, तो संसार त्यांच्या २०२१ मधल्या निधनापर्यंत टिकला. म्हणजे आयुष्य कुणाचंच थांबलं नाही. पण माफीचा तो एक शब्द तिथेच राहिला.

आता यावर कुणी म्हणेल, मग काय, स्वाभिमान सोडून द्यायचा? अजिबात नाही! स्वाभिमान सोडा असं बाईला सांगणारे ढीगभर आहेत, त्यात माझी भर नको. मला म्हणायचंय ते वेगळंच. स्वाभिमान आणि अहंकार दिसायला सख्ख्या बहिणींसारखे. पण घरात आल्यावर वागतात मात्र अगदी उलट. ‘मला तू वाईट वागवलंस, हे मला चालणार नाही’ असं स्वाभिमान तोंडावर सांगतो. अहंकार काहीच सांगत नाही. तो गप्प बसतो आणि समोरच्यानं आपोआप ओळखावं म्हणतो. स्वाभिमान प्रश्न विचारतो, उत्तर ऐकतो आणि मग निर्णय घेतो. अहंकार उत्तराआधीच निर्णय घेऊन मोकळा होतो. माझ्या मैत्रिणीनं सोमवारी त्याला थांबवून विचारलं असतं, ‘का आला नाहीस? माझ्या भावासमोर माझी मान खाली गेली,’ तर तिचा काय अपमान झाला असता? कारण पटलं नसतं, तर ताठ मानेनं निघून येता आलंच असतं की. निदान नंतरची पंचवीस-तीस वर्षं तो प्रश्न सोबत राहिला नसता.

पण या गप्प बसण्याचा दोष तरी एकट्या तिला कसा द्यायचा? आपल्याला वाढवलंयच तसं. मुलीच्या जातीनं पुढाकार घेऊ नये, मनातलं बोलणं म्हणजे निर्लज्जपणा, हे आपण परकर घालायच्या वयापासून ऐकत आलो. मुलांना शिकवलं जातं, रडायचं नाही, वाकायचं नाही, बाईमाणसासमोर तर नाहीच नाही. मग अशी दोन माणसं प्रेमात पडली की प्रेम जमतं, पण भांडण जमत नाही. भांडून पुन्हा जवळ यायचं असतं, हे त्यांनी घरात कधी पाहिलेलंच नसतं. विचार करा, तुमच्या वडिलांनी तुमच्या आईला मुलांदेखत ‘चुकलं माझं’ असं म्हटलेलं तुम्हाला आठवतंय का? आणि आईनं तरी ‘मला वाईट वाटलं’ असं सरळ कधी सांगितलं? ती भांडी आपटायची. त्या भांड्यांच्या आवाजावरून घरानं ओळखायचं!

आजच्या मुलींकडे मोबाईल आहे. वाटतं, यांना तरी आता बोलणं सोपं झालं असेल. पण बघा ना, भांडीच बदलली आहेत फक्त. स्टेटसला दुःखी गाणं ठेवायचं, ते त्यानं पाहिलं का हे दहा वेळा तपासायचं, नंबर ब्लॉक करायचा, रात्री काढायचा, सकाळी परत ब्लॉक करायचा. दोन निळ्या खुणा दिसल्या आणि उत्तर आलं नाही की जेवण जात नाही. शब्द मात्र तिथेही नाहीतच. पूर्वी चिठ्ठी न उघडता परत जायची, आता मेसेज लिहून, पुसून, न पाठवता राहतो. एवढाच फरक.

म्हणून वेगळं व्हायची वेळ आलीच, तर मुलींना माझं एक सांगणं आहे. आधी स्वतःला तीन प्रश्न विचारा. त्यानं नेमकं काय केलं, हे मला माहीत आहे की मी ते गृहीत धरलंय? मला काय लागलं, हे मी त्याला शब्दांत सांगितलंय का? आणि माझ्याकडून काही चुकलं असेल, तर ते मी कबूल केलंय का? या तिन्हींची उत्तरं दिल्यावरही वेगळं व्हावंसं वाटलं, तर खुशाल व्हा. बोलून तुटलेलं नातं दुखतं, पण ती जखम भरून येते. न बोलता तुटलेलं मात्र आतल्या आत ठणकत राहतं.

आणि एक, हे फार महत्त्वाचं. जिथे हात उगारला जातो, धमकी दिली जाते, फोटो किंवा मेसेज दाखवून भीती घातली जाते, चारचौघांत तुमची किंमत काढली जाते, तिथे ‘आधी कोण बोलणार’ हा प्रश्नच उरत नाही. तिथून निघायचं. भेटून समजावून सांगायची गरज नाही, शेवटची भेटही नको. घरातल्या विश्वासाच्या माणसाला सांगायचं. ते गप्प निघून जाणं हा अहंकार नाही, तो शहाणपणा आहे. तसंच, दोघांचेही संसार उभे राहिल्यावर जुना नंबर शोधून ‘तेव्हा मी चुकले’ म्हणायचा मोहही आवरलेला बरा. प्रत्येक राहिलेला शब्द पोचवायलाच हवा असं नाही. काही शब्द स्वतःशी कबूल केले तरी पुरतात.

आयांसाठीही दोन शब्द. मुलगी चार दिवस जेवत नाही, उशीत तोंड खुपसून पडलीय, अभ्यासात लक्ष नाही, तर लगेच ‘कोण आहे तो?’ म्हणून तपासणी सुरू करू नका. ‘मी इथे आहे, तुला वाटेल तेव्हा सांग’ एवढं म्हणून शेजारी बसा. तिच्या दुःखाला ‘वयाचं खूळ’ म्हणू नका, तिच्यासाठी ते आज खरं आहे. आणि दुःख फारच खोल गेलंय, जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा येतेय असं वाटलं, तर लपवाछपवी न करता मदत घ्या. सरकारची ‘टेलि-मानस’ सेवा १४४१६ या नंबरवर फुकट आहे. आपल्या पोरीच्या जिवापुढे लोक काय म्हणतील याची काय किंमत?

त्या दिवशी एसटी स्टँडवर उतरलो तेव्हा अंधार पडला होता. मैत्रिणीचे मिस्टर गाडी घेऊन न्यायला आले होते. सकाळी निघताना दोघांचं कशावरून तरी वाजलं होतं, ते तिनं मला जातानाच सांगितलं होतं. मला वाटलं, आता ही नेहमीसारखी न बोलता मागे बसणार. ती त्यांच्याजवळ गेली आणि म्हणाली, ‘‘सकाळी मी जरा जास्तच बोलले. पण तुमचंही बोलणं मला लागलं हं.’’ ते गृहस्थ आधी गोंधळले, मग हसले, म्हणाले, ‘‘बस आता, घरी जाऊन भांडू.’’

जुनी वही आता कुठल्या रद्दीत गेली असेल कोण जाणे. पण तिच्यातला धडा एवढ्या वर्षांनी का होईना, तिनं वाचला होता. तुम्हीही आज घरात कुणाशी अबोला धरून बसल्या असाल, तर ही पुरवणी बाजूला ठेवा आणि आधी एवढं करा. जा, विचारा, ‘‘त्या दिवशी नेमकं काय झालं होतं?’’ आणि उत्तर पूर्ण ऐकून घ्या!